हेंपचे पेपर वाचताना आकडा कुठून आला ते बघा

हेंपच्या बियांतले अँटिऑक्सिडंट काढून बिस्किटात किंवा ब्रेडमध्ये घालायचे, या विषयावरचे पेपर सध्या मी ओळीने वाचतोय. साचा बहुतेकांचा एकच: तेल काढून उरलेली पेंड, तिचा मेथॅनॉलमधला अर्क, फोलिन-सिओकाल्टू, डीपीपीएच आणि शेवटी ‘आशादायक’ हा शब्द. पीएचडीला हाच विषय घ्यायचा विचार असेल, तर सिनॉप्सिस लिहिण्याआधी हे वाचा.

फोलिनचा अभिकर्मक १९२७ साली आला तोच मुळी प्रथिनांतलं टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन मोजायला. हेंपच्या पेंडीत प्रथिनं भरपूर. ती थोडी जरी अर्कात उतरली, तरी ‘एकूण फिनॉल’ फुगतात. माझे पहिल्या वर्षाचे आकडे असेच देखणे होते. एचपीएलसीवर टाकले तेव्हा निम्मेही टिकले नाहीत, आणि गाइडसमोर ते सांगताना काय वाटलं ते विचारू नका!

मग आकडा कशाच्या ग्रॅममागे दिलाय ते बघा. समजा, १०० ग्रॅम टरफलातून एका पद्धतीने ३ ग्रॅम अर्क निघाला, त्यात ग्रॅममागे ६० मिलिग्रॅम फिनॉल. दुसरीने ८ ग्रॅम निघाला, ग्रॅममागे ४०. अर्काच्या हिशोबात पहिली जिंकते. टरफलाच्या हिशोबात मात्र १८० विरुद्ध ३२०. अॅबस्ट्रॅक्टमध्ये कोणता आकडा येतो, ते तुम्हीच ओळखा.

विषय पोकळ आहे असं नाही हं. टरफलात कॅनॅबिसिन आणि कॅफिओइलटायरामिन ही ठोस, ओळख पटलेली संयुगं आहेत. ती नावानिशी मोजणारा पेपर मी जपून ठेवतो. पण डीपीपीएचचा जांभळा रंग उडाला म्हणजे खाणाऱ्याला फायदा झाला, हे कुठून आलं? अमेरिकेच्या कृषी खात्याने याच कारणाने २०१२ मध्ये आपला ओरॅक तक्ता मागे घेतला.

आणि टीएचसी? फुलोऱ्याची राळ बियांच्या टरफलाला चिकटते. अल्कोहोल फिनॉल ओढतं तसं टीएचसीही ओढतं. एफएसएसएआयने २०२१ मध्ये हेंपच्या बिया खाद्य म्हणून मान्य केल्या, त्या किलोमागे ५ मिलिग्रॅम टीएचसीच्या मर्यादेत. बी त्या मर्यादेत बसली म्हणून तिचा घट्ट केलेला अर्क बसेलच असं नाही. तरी अर्कातलं टीएचसी मोजल्याचा तक्ता मला फार थोड्या पेपरांत दिसला. तुम्ही काम केलंत तर हा तक्ता पहिल्या प्रकरणातच टाका, बिस्किट भाजायच्या आधी.