डेडझोन म्हणजे दुरुस्ती नव्हे

मंडळी, आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, हे तर खेळणं, यावर व्याख्यान कशाला? पण घरच्या संगणकावर विमान उडवणाऱ्यांत नुसते हौशी नाहीत. बारामतीला किंवा गोंदियाला उड्डाण शिकायला जाण्याआधी घरी थोडा हात बसवावा, अशा विचाराची मुलंमुलीही आहेत. त्यांच्या हाताला जी सवय लागते ती जॉयस्टिकमधून लागते. म्हणून आपण या वस्तूकडे समीक्षेच्या नजरेनं बघू. आपली कसोटी एकच आहे: हात जे करतो तेच ही काडी संगणकाला सांगते का?

जॉयस्टिक बिघडली की हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘डेडझोन वाढवा’. डेडझोन म्हणजे काय? मधल्या भागातला असा पट्टा, की त्यातली हालचाल संगणक ऐकतच नाही. हात न लावता विमान डावीकडे कलतंय? पट्टा रुंद करा, कलणं थांबेल. थांबतं, हे खरं. पण त्याची किंमत बघा. समजा काडी दोन्ही बाजूंना २० अंश हलते आणि आपण डेडझोन १० टक्के ठेवला. म्हणजे दोन्हीकडचे मिळून मधले ४ अंश मुके झाले. आणि विमान उडवलं जातं ते याच ४ अंशांत! धावपट्टीच्या रेषेत येताना हात मोठे हिसके देत नाही, तो मध्याच्या आसपास बारीक बारीक दुरुस्त्या करतो. त्या पोचल्या नाहीत की माणूस जास्त ढकलतो, विमान उशिरा पण जोरात वळतं, मग उलट ढकलावं लागतं. शिकणाऱ्याला वाटतं, आपल्याला जमत नाही. दोष काडीचा, आणि शिक्षा आत्मविश्वासाला.

पूर्वीच्या जॉयस्टिक यापेक्षा प्रामाणिक होत्या, असं आम्ही म्हणू. १९८१च्या आयबीएम पीसीसाठी जो गेम अ‍ॅडॅप्टर होता, तो काडीच्या आतल्या पोटेन्शिओमीटरचा रोध थेट मोजत नसे. त्या रोधातून एक कपॅसिटर भरायला किती वेळ लागतो, ते संगणक मोजत असे. पद्धत कच्ची होती. त्यामुळे अनेक काड्यांवर मध्य जुळवायला दोन छोटी चाकं उघडपणे दिलेली असत. मध्य सरकतो, तो तुम्ही जुळवा, असं ती वस्तू स्वतःच सांगत असे. आज तेच सरकणं सॉफ्टवेअरच्या एका पट्टीखाली झाकलं जातं.

मग करायचं काय? आधी निदान. सिम्युलेटर बंद ठेवा आणि विंडोजमधली गेम कंट्रोलर तपासण्याची खिडकी उघडा. काडी सोडून द्या आणि फुलीकडे बघा. फुली जागच्या जागी थरथरत असेल तर पोटेन्शिओमीटरचा कार्बनचा पट्टा मळलाय किंवा झिजलाय. फुली स्थिर आहे, पण काडी डावीकडून सोडली तर एका जागी आणि उजवीकडून सोडली तर दुसऱ्या जागी थांबते? मग दोष स्प्रिंगमध्ये किंवा घर्षणात आहे. दर वेळी त्याच चुकीच्या जागी थांबत असेल तर कॅलिब्रेशन पुरतं. आणि मूठ पिळताना फुली एकदम टोकाला उडी मारत असेल, तर वायर बघा. पिळाच्या जागी ती रोज वाकते, तिथेच ती आतून तुटते. चार लक्षणं, चार कारणं. डेडझोन यांतलं एकही कारण दूर करत नाही.

उघडताना आधी यूएसबी काढा. स्क्रू पुष्कळदा तळाच्या रबरी पायांखाली लपवलेले असतात. स्प्रिंग दाबाखाली असते, ती उडू देऊ नका. वायरींचा फोटो काढून ठेवा. प्लॅस्टिकला चालणारा कॉन्टॅक्ट क्लीनर थोडासा पोटेन्शिओमीटरमध्ये मारून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत बऱ्याच वेळा फिरवा, वाळू द्या. तरीही थरथर राहिली तर बदला. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मागताना जुना भाग सोबत न्या. रोध, दांड्याची लांबी आणि आकार, तिन्ही जुळायला हवं, आणि तो लिनियर हवा. आवाजाच्या नॉबसाठीचा लॉग प्रकारचा बसवला तर काडी एका बाजूला आळशी आणि दुसऱ्या बाजूला उतावळी होईल.

‘हॉल सेन्सरवाली घ्या, कटकट नको,’ असंही सांगतात. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर हा सेन्सर चालतो. चुंबक आणि सेन्सर एकमेकांना टेकत नाहीत, म्हणून तिथे झीज नाही. हे उत्तमच. पण स्प्रिंग, सांधे आणि वायर झिजायच्या त्या झिजतातच. शिवाय मुख्य दोन अक्षांना हॉल सेन्सर आणि पिळाला साधा पोटेन्शिओमीटर, अशीही रचना असते. खोक्यावरचा शब्द वाचून थांबू नये.

दुरुस्ती झाली की मगच सेटिंग. आता डेडझोन शून्यापासून सुरू करा आणि थरथर जेमतेम झाकेल एवढाच ठेवा. संवेदनशीलतेची वक्र रेषा मध्याला सौम्य करते, पण फुकट नाही. मध्यातून जे काढलं ते टोकाला वसूल होतं, तिथे विमान एकदम तिखट होतं. म्हणून वक्रताही बेतानं.

एक मर्यादा मात्र कुठल्याही दुरुस्तीनं जात नाही. सेसना १७२ मध्ये वैमानिक योक हवा तिथे धरतो आणि ट्रिमचं चाक फिरवून हातावरचा जोर काढून टाकतो. घरची स्प्रिंग मात्र दर वेळी मध्याकडेच ओढते. त्यामुळे ट्रिम करता करता काडी हळूहळू सोडावी लागते, म्हणजे खऱ्याच्या उलटी सवय. एअरबस ए३२० मध्ये तसं नाही. तिथली साइडस्टिक मध्यावर परतते आणि ट्रिम विमान स्वतः सांभाळतं. म्हणजे एकच काडी एका विमानात खरी, दुसऱ्यात खोटी. सेसनावर शिकायला जाणाऱ्यानं हे आधीच माहीत करून घ्यावं.

तर मंडळी, आमचं म्हणणं एवढंच. दोष झाकण्याआधी तो ओळखा. पाना आणि स्क्रूड्रायव्हर आधी, माउस नंतर. आता तुमचे प्रश्न घेऊ या.