गौण क्रियेचा कर्ता : इंग्रजी वाक्यसाचे आणि मराठी विभक्ती

‘तिने त्याला कन्हानला जायला सांगितले’ या साध्या मराठी वाक्यात ‘ला’ तीन वेळा आला आहे. पहिला ज्यास सांगितले ती व्यक्ती दाखवितो, दुसरा जाण्याचे स्थळ दाखवितो आणि तिसरा धातूस लागून करावयाच्या क्रियेचा बोध करून देतो. इंग्रजीत हे वाक्य ‘शी टोल्ड हिम टु गो टु कन्हान’ असे होते. पहिल्या ‘ला’च्या जागी तेथे सर्वनामाचे कर्मरूप आहे, उरलेल्या दोन जागी ‘टु’ आहे. परंतु हे दोन ‘टु’ही एका जातीचे नाहीत. एक धातुरूपाचे चिन्ह असून दुसरे नामाशी संबंध जोडणारे अव्यय आहे. प्रत्ययास शब्द आणि शब्दास प्रत्यय लावून दोन भाषांचा मेळ घालू पाहणाऱ्या पद्धतीची मर्यादा या एका वाक्यावरून ध्यानात येते.

महाराष्ट्रात इंग्रजीचे अध्यापन दीर्घकाळ भाषांतराच्या द्वारे झाले. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने कित्येक पिढ्यांना इंग्रजी वाक्य रचावयास शिकविले, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. दादोबा पांडुरंगांच्या १८३६ मधील व्याकरणापासून शालेय व्याकरणात स्थिरावलेली विभक्तींची कोष्टके या पद्धतीस आयतीच उपयोगी पडली. ‘त्याला’ म्हणजे ‘हिम’, ‘त्याचा’ म्हणजे ‘हिज’, ‘जायला’ म्हणजे ‘टु गो’, अशी समीकरणे त्यातून वर्गात रूढ झाली. पुढे या पद्धतीस पर्याय म्हणून वाक्यसाच्यांची पद्धती आली. हॉर्नबी यांच्या १९५४ च्या ग्रंथात ‘टेल’, ‘आस्क’, ‘वॉन्ट’ ही क्रियापदे एकाच साच्याखाली दिलेली आढळतात : क्रियापद, त्यापुढे नाम वा सर्वनाम, आणि त्यापुढे ‘टु’सह धातू. सवयीने साचा अंगवळणी पाडण्यास ही मांडणी उत्तम आहे. तथापि जे एका साच्यात बसते ते एकाच रचनेचे असते, असा समज तिने होतो. आणि मराठी विद्यार्थ्याची अडचण नेमकी तेथेच आहे.

पुढील दोन वाक्ये पाहावीत. ‘शी टोल्ड हिम टु सेल द हाउस’ आणि ‘शी वॉन्ट्स हिम टु सेल द हाउस’. इंग्रजीत दोहोंचा बाह्य आकार एकच आहे. मराठीत मात्र पहिल्याचे ‘तिने त्याला घर विकायला सांगितले’ असे होते, आणि दुसऱ्याचे ‘त्याने घर विकावे अशी तिची इच्छा आहे’ असे होते. दुसऱ्या वाक्यात ‘त्याला’ नाही, ‘त्याने’ आहे. धातुसाधित नाही, विध्यर्थी क्रियापद आहे. आणि ते क्रियापद कर्माप्रमाणे लिंग बदलते : घर विकावे, गाडी विकावी, वाडा विकावा. हा भेद मराठीच्या लहरीचा नाही. पहिल्या वाक्यात ‘तो’ सांगण्याचे लक्ष्य आहे आणि विकण्याचा कर्ताही आहे. दुसऱ्यात तो केवळ विकण्याचा कर्ता आहे. इच्छेचा विषय तो नसून त्याचे घर विकणे हा आहे.

याची कसोटी सोपी आहे. ‘शी वॉन्ट्स इट टु रेन’ हे वाक्य शुद्ध आहे. ‘शी टोल्ड इट टु रेन’ निरर्थक आहे. मराठीतही ‘पाऊस पडावा अशी तिची इच्छा आहे’ हे सहज बोलले जाते, पण पावसाला पडायला सांगणे कवीवाचून कोणास शक्य नाही. येस्पर्सन यांनी अशा ठिकाणी सर्वनाम व धातू मिळून होणारा संबंध हाच क्रियापदाचा विषय मानला. चॉम्स्की यांनी १९६५ मध्ये ‘पर्सुएड’ आणि ‘एक्स्पेक्ट’ या क्रियापदांच्या आधारे, समान दिसणाऱ्या रचनांखाली भिन्न संबंध असतात, हे दाखविले. इंग्रजी जो भेद झाकते तो मराठी प्रत्ययांतून उघड करते. म्हणून ‘शी वॉन्ट्स दॅट ही शुड सेल द हाउस’ असे लिहिणारा मराठी विद्यार्थी निष्काळजी नव्हे. त्याने अर्थातील संबंध अचूक ओळखला आहे. इंग्रजी तो संबंध कर्मरूपात मांडते, एवढेच त्यास कोणी सांगितलेले नाही.

‘ला’ आणि ‘ने’ यांखेरीज गौण क्रियेच्या कर्त्यास मराठीत तिसरेही रूप आहे, ते ‘चा-ची-चे’ या प्रत्ययाचे. ‘त्याचे जाणे तिला खटकले’ या वाक्यात ‘त्याचे’ हे स्वामित्व दाखवीत नाही. जाणारा तोच आहे. इंग्रजीत याचे ‘हिज गोइंग’ होते. ही जोडी भाषांतरात सहज जुळते, म्हणून तिची मीमांसा होत नाही. पाणिनीने मात्र कृदन्ताच्या योगे कर्ता व कर्म यांस षष्ठी होते, हे अष्टाध्यायीत (२.३.६५) स्वतंत्र सूत्राने सांगितले आहे. अर्थात षष्ठी म्हणजे मालकी, हा शालेय समज संस्कृत व्याकरणासही मान्य नव्हता. शिवाय ‘त्याचे जाणे’ आणि ‘त्याने जाणे’ यांतही अंतर आहे. ‘त्याने जाणे आवश्यक आहे’ असे म्हणतात, तेथे ‘त्याचे’ सहसा येत नाही. आणि याचे इंग्रजी ‘इट इज नेसेसरी फॉर हिम टु गो’ असे, पुन्हा कर्मरूप व धातू यांनी होते.

‘ला’ लागलेले पद खरोखर कर्ता असते काय, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर ‘आपला’ हे सर्वनाम देते. ‘तिने त्याला आपले घर दाखविले’ या वाक्यात घर तिचेच. ‘तिने त्याला आपले घर विकायला सांगितले’ या वाक्यात मात्र घर तिचे असेल किंवा त्याचे असेल. ‘आपला’ कर्त्याकडे वळतो, हा नियम दोन्हीकडे एकच आहे. दुसऱ्या वाक्यात कर्ते दोन आहेत, म्हणून अर्थ दोन झाले. ‘आपल्या वडिलांचे घर’ असे म्हटले तर हाच प्रश्न वडिलांविषयी उभा राहतो. इंग्रजीत ‘हर फादर्स हाउस’ किंवा ‘हिज फादर्स हाउस’ यांपैकी एक निवडावेच लागते. ते सर्वनाम लिंग सांगते, परंतु कर्त्याशी असलेले नाते सांगत नाही. ‘हिज’ म्हणजे त्याच्या की तिसऱ्याच पुरुषाच्या, हे तेथे संदिग्ध राहते. ‘आपला’ नाते सांगतो, लिंग सांगत नाही. यास्तव एकास दुसऱ्याचा पर्याय मानता येत नाही.

हा प्रश्न कन्हानसारख्या गावी अधिक गुंतागुंतीचा होतो. कामठीच्या पलीकडे, नदीकाठी वसलेले हे रेल्वे-जंक्शनचे व कोळसाखाणींच्या परिसरातील गाव आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी नागपूर ज्या राज्याची राजधानी होते, त्यात हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. या परिसरात आजही दोन्ही भाषा कानी पडतात. वऱ्हाडी-नागपुरी बोलीत ‘ला’च्या जागी ‘ले’ येतो, एवढ्याने रचना बदलत नाही. हिंदीत मात्र ‘उसने उसे घर बेचने को कहा’ या वाक्यात सांगणारी स्त्री की पुरुष, हे कळत नाही. ‘उसका’ हे रूपही मालकाचे लिंग दाखवीत नाही. मराठीत ‘त्याचे’ व ‘तिचे’ वेगळे आहेत. तेव्हा ‘हर’च्या ठिकाणी ‘हिज’ लिहिण्याची चूक हिंदीभाषकाकडून ‘उसका’मुळे, तर मराठीभाषकाकडून ‘आपला’मुळे होण्याचा संभव आहे. उत्तरपत्रिकेत चूक एकच दिसेल. कारणे दोन असतील, आणि उपायही दोन लागतील.

भाषांतर-पद्धती टाकून द्यावी, असा या विवेचनाचा निष्कर्ष नाही. साच्यांच्या पद्धतीने मातृभाषा वर्गाबाहेर ठेवली, त्यामुळे मराठीच्या अंगी असलेले हे साहाय्य वाया गेले. शब्दांची समीकरणे देण्याऐवजी गौण क्रिया कोणती, तिचा कर्ता कोण आणि मुख्य क्रियापदाचे लक्ष्य ती व्यक्ती आहे की ती संपूर्ण क्रिया, हे तीन प्रश्न विद्यार्थ्यापुढे ठेवले, तर ‘हिम टु’ आणि ‘हिज’ यांचा उलगडा त्यास मराठीच्याच आधारे होऊ शकेल. परीक्षकांवरही यातून एक जबाबदारी येते. ‘तिने त्याला आपले घर विकायला सांगितले’ असे वाक्य संदर्भावाचून भाषांतरास दिले, तर ‘हर’ आणि ‘हिज’ ही दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. त्यांपैकी एकास गुण नाकारणे म्हणजे विद्यार्थ्याच्या इंग्रजीचा दोष नव्हे, तर प्रश्नकर्त्याच्या मराठीचा दोष त्याच्या माथी मारणे होय.