जनक्षोभाची भाषा आणि बालकाचा शब्द : 'पण लक्षात कोण घेतो!' ते बदलापूर

प्रस्तावना

बालकावरील अत्याचाराची वार्ता प्रसिद्ध झाली की समाजमन हळहळते, संतापते आणि प्रसंगी रस्त्यावर उतरते. हा शोक खरा असतो आणि संतापही खरा असतो. मात्र तो ज्या शब्दांतून व्यक्त होतो त्या शब्दांची चिकित्सा क्वचितच केली जाते. घोषणा, फलक, निवेदने, सभांमधील भाषणे यांनाही संहितेचे मूल्य असते. साहित्यकृतीप्रमाणे त्यांतही कोणी मध्यवर्ती असतो, कोणी परिघावर असतो, तर कोणाला संवादच दिलेले नसतात. प्रस्तुत लेखात जनक्षोभाच्या या भाषेचा, दोन मराठी साहित्यकृतींच्या साहाय्याने, चिकित्सक परामर्श घेतला आहे. जनक्षोभाच्या भाषेत गुन्हेगार मध्यवर्ती असतो, बालक निमित्तमात्र असते आणि त्या बालकाचे बोलणे वेळीच ऐकण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती ती माणसे संहितेबाहेर राहतात, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

संमतिवयाचा वाद आणि यमूचे कथन

१८९० साली कलकत्त्यात फुलमणी नावाची सुमारे अकरा वर्षांची विवाहित मुलगी पतीच्या शरीरसंबंधामुळे मृत्युमुखी पडली. तत्कालीन दंडसंहितेत संमतीचे वय दहा वर्षे असल्याने पतीवर बलात्काराचा आरोप ठेवता येत नव्हता. त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ पासून चालविलेल्या चळवळीला या घटनेने धार आली आणि १९ मार्च १८९१ रोजी संमतिवय बारा वर्षांवर नेणारा कायदा संमत झाला.

या काळात महाराष्ट्रात उसळलेला क्षोभ आज वाचताना चकित करतो, कारण त्यातील मोठा भाग मुलीच्या मृत्यूविषयी नव्हता, तो कायद्याविषयी होता. लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून परकीय सरकारच्या धर्मव्यवहारातील हस्तक्षेपाला विरोध केला. स्वेच्छेने विवाहाचे वय वाढविण्यास त्यांची हरकत नव्हती, हेही नमूद करणे अगत्याचे आहे. आगरकरांनी 'सुधारका'तून कायद्याची बाजू घेतली, तर डॉ. रा. गो. भांडारकरांनी धर्मशास्त्राच्या आधारेच विरोधकांना उत्तर दिले. वाद विद्वत्तेचा होता आणि तळमळीचाही होता. परंतु तो गर्भाधानाचा काळ, शास्त्राचा अर्थ आणि सरकारचा अधिकार यांभोवती फिरत राहिला. ज्या वयाच्या मुलींविषयी तो चालला होता, त्यांचा शब्द त्यात कोठेही नव्हता. जनक्षोभ आपोआप बालकाच्या बाजूचा असतो ही समजूत येथेच तपासून घ्यावी लागते.

नेमक्या याच काळात, १८९० पासून, हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी 'करमणूक'मधून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. सार्वजनिक वादात जिला बोलण्यास वाव नव्हता, तिच्याच तोंडी आपट्यांनी निवेदन दिले. यमू स्वतःचे बालपण, सासर, वैधव्य आणि सक्तीचे केशवपन सांगते. बालमैत्रीण दुर्गीच्या वाट्याला आलेला छळही सांगते. वास्तववादी सामाजिक कादंबरी म्हणून या कृतीचा गौरव झाला आणि वाचकाच्या डोळ्यांत तिने आणलेले पाणी हा तिच्या यशाचा पुरावा मानला गेला. परंतु शीर्षक अश्रू मागत नाही. छळ कोणी केला, असेही ते विचारीत नाही. लक्षात घेणे ज्याचे काम होते त्याने ते घेतले का, असे ते विचारते. म्हणजेच प्रश्नाचा रोख छळकर्त्याच्या पलीकडे, पाहणाऱ्यांवर आणि ऐकणाऱ्यांवर आहे. प्रस्तुत लेखाची कसोटीही हीच आहे.

अभिरूप न्यायालयातील पंधरा वर्षांची मुलगी

विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. अविवाहित स्त्रीची समाजाने केलेली शिकार या दृष्टीने त्याची विपुल चर्चा झाली आहे. या चर्चेत एक तपशील मात्र उपेक्षित राहिला. लीला बेणारेच्या चारित्र्याविरुद्ध पुरावा गोळा करताना एक सहकलाकार सांगतो, की वयाच्या पंधराव्या वर्षी तिने जीव देण्याचा प्रयत्न केला होता आणि त्याचे कारण सख्ख्या मामाशी असलेला संबंध हे होते. अभिरूप न्यायालयाच्या दृष्टीने ही आरोपीच्या अनैतिकतेची पूर्वपीठिका ठरते. घरातील प्रौढ पुरुषाने अजाण मुलीच्या विश्वासाचा घेतलेला गैरफायदा, असे तिचे वर्णन तेथे कोणीही करीत नाही.

अखेरच्या स्वगतात बेणारे स्वतःही या प्रसंगाला प्रेम म्हणते. संकटकाळी मामा पळून गेला आणि आई विरोधात उभी राहिली, हे ती सांगते. पण आपल्यावर अत्याचार झाला असे शब्द तिच्यापाशी नाहीत. ते शब्द तिला कोणी दिलेलेच नव्हते. मामा या नात्याभोवती मराठी घरात जो लडिवाळपणा आहे, त्यात या अनुभवाला नाव सापडणे कठीणच होते. तेंडुलकरांनी हे भाष्याविना दाखविले आणि समीक्षेनेही ते भाष्याविना राहू दिले. अत्याचार करणारा परका असेल तर संतापाला शब्द पटकन सापडतात. तो घरचा असेल तर संतापाऐवजी मुलीची उलटतपासणी सुरू होते. बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांत आरोपी बहुतेक वेळा परिचित असतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षे सांगत आली आहे. ते लक्षात घेता नाटकातील हा प्रसंग अपवादात्मक ठरत नाही.

कोपर्डी : मौनाची भाषा

१३ जुलै २०१६ रोजी अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, कोपर्डी येथे एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिची हत्या करण्यात आली. सोलापूर जिल्ह्याला लागून असलेल्या या तालुक्यातील घटनेने सारा महाराष्ट्र हादरला. ऑगस्टमध्ये औरंगाबादपासून (आताचे छत्रपती संभाजीनगर) मूक मोर्चांची मालिका सुरू झाली आणि सप्टेंबरमध्ये सोलापुरातही लाखोंचा जनसमुदाय शिस्तीने रस्त्यावर आला. घोषणा नाहीत, भाषणे नाहीत, पुढे मुली आणि त्यांच्याच हातून जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन, हे या मोर्चांचे रूप होते. शोकाचे इतके संयमित सार्वजनिक रूप महाराष्ट्राने क्वचितच पाहिले होते.

तथापि मौनालाही मजकूर असतो आणि येथे तो निवेदनात होता. दोषींना कठोर शिक्षेच्या मागणीबरोबर मराठा आरक्षण आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्यात बदल या मागण्या त्यात होत्या. आरक्षणाच्या मागणीमागील शेतीचे अरिष्ट खरे होते आणि तिची स्वतंत्र चर्चा होऊ शकते. मात्र आरोपी व पीडित यांच्या जातींनी मागण्यांचा क्रम ठरविला आणि गावातील मुलींची शाळेची वाट, बससेवा, तक्रारीची सोय हे विषय मागे पडले. मुली अग्रभागी चालत होत्या, परंतु त्यांच्या हातातील कागदावरचा मोठा भाग त्यांच्या सुरक्षिततेविषयी नव्हता. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी सत्र न्यायालयाने तिघा आरोपींना फाशीची शिक्षा सुनावली, तेव्हा शिक्षेची मागणी त्या पातळीवर पूर्ण झाली. संरक्षणाची मागणी पुरेशी मांडलीच गेली नव्हती.

बदलापूर : विलंबापासून बदल्यापर्यंत

ऑगस्ट २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बदलापूर येथील एका शाळेत सुमारे चार वर्षांच्या दोन मुलींवर सफाई कामगाराने अत्याचार केल्याचे उघड झाले. तक्रार घेऊन गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले. २० ऑगस्ट रोजी संतप्त जमावाने बदलापूर स्थानकात रेल्वे वाहतूक अनेक तास रोखून धरली. दोन दिवसांनी मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

या क्षोभाचे मूळ कारण पाहण्यासारखे आहे. बालिकांनी घरी सांगितले होते. पालकांनी त्यांच्या सांगण्यावर विश्वास ठेवला होता. शाळा आणि पोलीस ठाणे या पुढच्या दोन पायऱ्यांवर तो शब्द अडला. मूळ गाऱ्हाणे, अशा रीतीने, ऐकून न घेतल्याचे होते. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा (पोक्सो) याच टप्प्याविषयी बोलतो. कलम १९ अन्वये अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळविण्याचे बंधन आहे. कलम २१ अन्वये ते न पाळणे हा गुन्हा असून संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. याच आरोपाखाली शाळेच्या विश्वस्तांवर गुन्हा नोंदला गेला.

रेल्वेमार्गावर मात्र हे गाऱ्हाणे काही तासांत 'फाशी द्या' या दोन शब्दांत आकुंचन पावले. विलंबाविषयीचा प्रश्न शिक्षेविषयीच्या मागणीत रूपांतरित झाला. २३ सप्टेंबर २०२४ रोजी आरोपी पोलीस वाहनात गोळी लागून मरण पावला. शहराच्या नावावर कोटी करीत 'बदला पुरा' असे फलक मुंबईत झळकले. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयापुढे आलेल्या न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने या मृत्यूस पाच पोलिसांना जबाबदार धरले. आरोपीच्या मृत्यूबरोबर त्याच्याविरुद्धचा खटला संपुष्टात येतो, हा विधिनियम आहे. त्या मुलींचे म्हणणे न्यायालयात तपासले जावे आणि खरे म्हणून निकालपत्रात नोंदले जावे, ही शक्यता त्याच दिवशी मावळली. बदला पुरा झाल्याचे जाहीर झाले, त्याच क्षणी बालकांचा शब्द अपुरा राहिला.

ज्यांच्यासाठी गर्दी जमली नाही

जनक्षोभाची भाषा बालकाला 'लेक', 'ताई', 'बहीण' अशा नात्यांनी संबोधते. या शब्दांत जिव्हाळा आहे, परंतु त्यांत मर्यादाही आहेत. जे बालक कोणाचीच लेक नाही त्याचे काय, असा प्रश्न पनवेलच्या प्रकरणाने उभा केला. तेथील एका निवासी संस्थेतील मतिमंद मुलींवरील अत्याचार २०११ मध्ये उजेडात आले ते उच्च न्यायालयाच्या देखरेखीखालील तपासणीमुळे. मार्च २०१३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने संस्थाचालकासह इतरांना दोषी ठरविले. या मुलींसाठी रेल्वे थांबली नाही. त्यांना पालक नव्हते, जात नव्हती आणि अनेकींना वाचाही नव्हती. त्यांचे रक्षण केले ते तपासणी अधिकाऱ्यांच्या वहीने.

'लेक' या शब्दात मुलगेही मावत नाहीत. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १३ राज्यांतील पाहणीत ५३.२२ टक्के बालकांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाच्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव नोंदविला होता आणि त्यांत निम्म्याहून अधिक मुलगे होते. मुंबईतील 'अँकरेज' आश्रयगृहांतील मुलांचे प्रकरण २००१ मध्ये पुढे आले. सत्र न्यायालयाची २००६ ची शिक्षा उच्च न्यायालयाने २००८ मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ती पुन्हा कायम केली. दशकभर चाललेल्या या लढाईची महाराष्ट्राच्या सार्वजनिक स्मृतीत पुसटशीच नोंद आहे.

संताप निरुपयोगी असतो असा याचा अर्थ नव्हे. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, त्वचेचा त्वचेशी संपर्क नसल्याच्या कारणावरून, एका बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात पोक्सोखालील लैंगिक हल्ल्याचा गुन्हा सिद्ध होत नसल्याचा निर्णय दिला. देशभर उमटलेली प्रतिक्रिया तीव्र होती, परंतु ती संहितेला धरून होती. 'स्पर्श' या शब्दाचा अर्थ काय, हा तिचा मुद्दा होता. महान्यायवादींनी दाद मागितली आणि १८ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. मजकूर वाचून संतापलेला समाज काय साधू शकतो याचे हे उदाहरण होय.

समारोप

सोलापूर जिल्ह्याच्या इतिहासात एक जुना दाखला आहे. १८७५ साली पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने सुरू झालेला आणि प्रार्थना समाजाने चालविलेला बालकाश्रम टाकून दिलेल्या अर्भकांसाठी होता. क्षेत्राच्या गावी विधवांच्या वाट्याला येणाऱ्या दुःखावर हळहळणारे पुष्कळ होते; त्या हळहळीचे रूपांतर पाळणा, दूध, दाई आणि हिशोबाची वही यांत करणारे थोडे होते. संरक्षण या शब्दाचा अर्थ त्या थोड्यांना कळला होता.

आजच्या काळात ती वही शाळा-महाविद्यालयांच्या कपाटात आहे. शाळांमध्ये सखी-सावित्री समित्या स्थापन करण्याचा शासन निर्णय मार्च २०२२ चा, म्हणजे बदलापूरच्या घटनेच्या दोन वर्षे आधीचा आहे. पोक्सो कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो. वरिष्ठ महाविद्यालयांना जोडलेल्या कनिष्ठ महाविद्यालयांतील अकरावी-बारावीचे बहुतेक विद्यार्थी या व्याख्येत बसतात. त्यामुळे कलम १९ चे बंधन प्राध्यापकवर्गावरही आहे. तेंडुलकरांचे नाटक वर्गात शिकविताना बेणारेच्या पंधराव्या वर्षाविषयी बोलले गेले, तर समोर बसलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला वा विद्यार्थिनीला स्वतःच्या अनुभवासाठी शब्द मिळू शकतो. तो शब्द तासानंतर दाराशी येऊन थांबला, तर तो ऐकणे, त्याची नोंद करणे आणि विलंब न लावता पुढे पोहोचविणे एवढेच अपेक्षित आहे. आपट्यांच्या शीर्षकाला सव्वाशे वर्षांनंतरही जे उत्तर मिळालेले नाही, ते याच कृतीत आहे.