सरफेस एरियाच्या आकड्यावर किती विसंबायचं?

पॉलिमर मोनोलिथ कॉलमवरचे सिनॉप्सिस वाचताना एक वाक्य हमखास भेटतं: 'सरफेस एरिया जास्त म्हणून रिटेन्शन जास्त, म्हणून सेपरेशन चांगलं.' या दोन्ही 'म्हणून'वर माझा आक्षेप आहे.

स्वेक आणि फ्रेशे यांनी १९९२ मध्ये 'अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्री'त सलग पॉलिमर रॉडचा पेपर दिला. त्यांनी प्रथिनं वेगळी करून दाखवली आणि तिथे ही कल्पना छान चालते. ग्रेडियंटमध्ये प्रथिन चिकटून बसतं आणि ऑरगॅनिक सॉल्व्हंट पुरेसं वाढलं की सुटतं. टोल्युइनसारखा लहान रेणू मात्र कॉलमभर सतत आत-बाहेर करत राहतो.

आत म्हणजे कुठे? मोबाइल फेजमधलं अ‍ॅसिटोनायट्राइल पॉलिमरचे गोळे थोडे फुगवतं आणि लहान रेणू त्या जेलमध्ये शिरतो. आपला सोलापुरी टॉवेल आठवा. पाणी धाग्यांच्या फटीत राहतं, तसंच धाग्यातही मुरतं. मुरलेलं बाहेर यायला वेळ लागतो. इथेही तसंच. रिटेन्शन मिळतं, पण पीक पसरतो.

बीईटी मोजमाप कोरड्या नमुन्यावर होतं. ओलं झाल्यावर उघडणारी ही जागा त्यात दिसतच नाही.

तुम्ही विचाराल, हायपरक्रॉसलिंकिंगने सरफेस एरिया वाढला आणि लहान रेणूही चांगले वेगळे झाले, त्याचं काय? रास्त प्रश्न. तिथे फुगलेल्या साखळ्या एकमेकींना घट्ट बांधल्या जातात, त्यामुळे बारीक छिद्रं टिकून राहतात. म्हणजे आकडा वाढला तो रचना बदलल्यामुळे. नुसता आकडा बघून हे कळत नाही.

मग तपासायचं कसं? युरॅसिल, बेंझिन, टोल्युइन, ब्युटाइलबेंझिन एकाच मोबाइल फेजमध्ये चालवा आणि प्रत्येकाच्या प्लेट्स काढा. युरॅसिलचा पीक टोकदार, पण रिटेन्शन वाढेल तशा प्लेट्स घसरत गेल्या, तर संशय जेलवर घ्या. युरॅसिलच पसरला असेल, तर आधी बेडचा असमानपणा आणि कॉलमबाहेरचं ट्युबिंग बघा.

चिंचोळी एमआयडीसीतल्या औषध कारखान्याच्या क्यूसी लॅबला बहुतेक वेळा लहान रेणूच वेगळे करायचे असतात. मुख्य पीकच्या पसरलेल्या शेपटीत इम्प्युरिटी लपली, तर तुमच्या कॉलमचं जास्तीचं रिटेन्शन त्यांच्या काय कामाचं? आरआरसीसमोर जाताना बीईटीचा आकडा जरूर न्या, पण त्याच्या शेजारी हा प्लेट्सचा तक्ताही ठेवा. विषयात दम आहे की नाही, ते तोच सांगेल.