न चाखलेल्या पदार्थाची समीक्षा : 'द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ' आणि प्रेक्षकमताचे मूल्य

दूरचित्रवाणीवरील पाककला स्पर्धांविषयी प्रेक्षक जी मते व्यक्त करतात, त्यांना समीक्षा म्हणावे काय, हा प्रश्न अभ्यासकांनी सहसा गांभीर्याने घेतलेला नाही. अशा मतांची गणना लोकप्रियतेचे माप म्हणून होते. त्यांतील विचाराची दखल क्वचितच घेतली जाते. प्रस्तुत लेखात 'द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ' या ब्रिटिश स्पर्धेच्या निमित्ताने उमटलेल्या काही प्रेक्षकमतांचे विवेचन केले आहे. पदार्थ न चाखता दिलेला निवाडा कोणत्या बाबतीत ग्राह्य ठरतो आणि कोठे तो अपुरा पडतो, हे पाहणे एवढाच येथील हेतू आहे.

ही स्पर्धा ऑगस्ट 2010 मध्ये 'बीबीसी टू' वाहिनीवर सुरू झाली, 2014 मध्ये 'बीबीसी वन'वर गेली आणि 2017 पासून 'चॅनल फोर'वर दाखवली जाऊ लागली. हौशी स्पर्धक, मोकळ्या हिरवळीवर उभारलेला पांढरा तंबू, प्रत्येक भागात तीन फेऱ्या आणि दर आठवड्यास एका स्पर्धकाचा निरोप, असे तिचे स्वरूप आहे. मधल्या फेरीत परीक्षकांना कोणता पदार्थ कोणाचा हे ठाऊक नसते. विजेत्यास रोख रक्कम मिळत नाही. एका काचेच्या केकपात्रासाठी प्रौढ माणसे रडकुंडीस येतात, हे या स्पर्धेचे वैशिष्ट्यच म्हणावे लागेल.

तंबू ही येथे केवळ शोभेची बाब नाही. चार भिंतींच्या स्वयंपाकघरात तापमान माणसाच्या ताब्यात असते. तंबूत ते ऋतूच्या ताब्यात जाते. पाऊस आला की हवेतील ओलाव्याने साखरेचे काम बिघडते, ऊन वाढले की लोणी आणि चॉकलेट वितळते. ज्यास ब्रिटिश प्रेक्षक असह्य उन्हाळा म्हणतो, तो भूमच्या वाचकास माघाची दुपार वाटण्याचा संभव आहे, हा भाग वेगळा. तथापि लोणी बालाघाटच्या डोंगरावर वितळो की बर्कशायरमध्ये, स्पर्धकाचे नुकसान सारखेच. हवामानाचा हा हस्तक्षेप असल्यामुळेच कौशल्य किती आणि दैव किती, हा प्रश्न प्रेक्षकापुढे सतत उभा राहतो.

2014 च्या ऑगस्टमधील एका भागात हा प्रश्न विकोपास गेला. आइस्क्रीमवर अंड्याच्या पांढऱ्याचे आवरण देऊन केला जाणारा 'बेक्ड अलास्का' हा पदार्थ त्या दिवशी करावयाचा होता. एका स्पर्धकाचे आइस्क्रीम दुसऱ्या स्पर्धक स्त्रीने शीतपेटीतून बाहेर काढले. ते न गोठल्याचे पाहून त्याने संतापाने सारा पदार्थ कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि परीक्षकांसमोर तो डबाच नेऊन ठेवला. पदार्थच समोर नसल्याने मूल्यमापन अशक्य ठरले आणि तो स्पर्धेबाहेर गेला. यानंतर शेकडो प्रेक्षकांनी रीतसर तक्रारी नोंदवल्या.

या तक्रारींचे स्वरूप लक्षणीय आहे. पदार्थ चांगला होता, असे कोणीही म्हटले नाही; तसे म्हणणे शक्यच नव्हते. आक्षेप होता तो न्यायाविषयी : दुसऱ्याच्या कृतीमुळे झालेल्या हानीचा दंड एकाने का भोगावा? परंतु याच प्रसंगात प्रेक्षकमताची मर्यादाही उघड झाली. आइस्क्रीम केवळ चाळीस सेकंद बाहेर होते, असे सूत्रसंचालिका स्यू पर्किन्स यांनी नंतर स्पष्ट केले. प्रेक्षकांनी पाहिलेला काळ हा संकलकाच्या मेजावर घडलेला काळ होता. म्हणजे ज्या पुराव्यावर त्यांनी निवाडा दिला, तो पुरावाच संकलित होता. त्यांचा न्यायविचार चुकीचा नव्हता. त्यांची साक्ष अपुरी होती. या दोन बाबींची गल्लत केल्यामुळे प्रेक्षकांस उथळ ठरवणारी टीका सोपी होऊन बसते.

भारतातही 2010 मध्ये 'मास्टरशेफ इंडिया' सुरू झाल्यावर असाच प्रेक्षक घडला. 2023 च्या पर्वात मासळीच्या फेरीत एका शाकाहारी स्पर्धक स्त्रीस पनीर वापरण्याची मुभा मिळाली, तेव्हा उठलेला गदारोळ चवीविषयी नव्हता, समान अटींविषयी होता. 'आम्ही सारे खवय्ये'सारख्या मराठी कार्यक्रमाचा प्रेक्षक मात्र वेगळा. तेथे मुख्य भर पाककृतीवर असल्याने तो कागद-पेन्सिल घेऊन बसतो. त्याचे मत दुसऱ्या दिवशी त्याच्याच कढईत सिद्ध होते किंवा फसते. या प्रेक्षकाच्या मताची नोंद कोठेही होत नाही, पण त्यास चवीचा आधार असतो.

'बेक ऑफ'च्या इतिहासात अधिक विचार करावयास लावणारा प्रसंग 2018 च्या अंतिम फेरीचा आहे. या पर्वाचा विजेता ठरलेले राहुल मंडल हे मूळचे कोलकात्याचे संशोधक. अखेरच्या फेरीत त्यांची काचेची बरणी उष्णतेने फुटली आणि त्यांना पंधरा मिनिटे वाढवून देण्यात आली. त्यावर मतभेद झाले. परंतु त्याआधीच्या तांत्रिक फेरीने जो वाद ओढवून घेतला, तो मूलगामी होता. स्पर्धकांना तंबूबाहेर, उघड्या शेकोटीवर पिटा ब्रेड भाजावयाचे होते. अनेक प्रेक्षकांनी विचारले, याला बेकिंग म्हणावे काय? हा आक्षेप हास्यास्पद नाही. स्पर्धेने स्वतःस जे नाव दिले, त्या नावाची व्याप्ती कोणती, असा तो प्रश्न आहे; आणि साहित्यप्रकाराच्या व्याख्येविषयीचे वाद अभ्यासक ज्या आस्थेने घालतात, त्याहून तो फारसा निराळा नाही.

हा वाद मराठी प्रेक्षकास मात्र त्याच शब्दांत सुचला नसता. मराठीत भाकरी भाजतात, वांगे भाजतात, शेंगा भाजतात आणि भट्टीत पावही भाजतात. एकाच क्रियापदात तवा, आर, राख आणि भट्टी सामावलेली असल्याने उघडा जाळ हा त्या क्रियेस परका ठरत नाही. धाराशिव जिल्ह्याच्या खेड्यातील ज्या स्त्रीने वाऱ्यावर भरकटणाऱ्या जाळाला पत्र्याचा आडोसा केला आहे, ज्वारीची भाकरी थापून तव्यावर टाकली आहे, तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला आहे आणि उलटून मग आरावर शेकली आहे, तिला त्या शेकोटीपाशी काय चुकत होते हे पडद्यावरूनही कळले असते. पिट्याच्या कणकेत यीस्ट असते, भाकरीत नसते. पण दोन्ही फुगतात त्या आतल्या वाफेने, आणि जाळ मंद असला तर दोन्ही चिवट होतात. पापुद्रा सुटला की नाही, यासाठी जिभेची गरज नसते. अशा ठिकाणी प्रेक्षकाचे मत हे केवळ न्यायबुद्धीचे राहत नाही, ते जाणकाराचे मत होते.

भूम परिसरातील खव्याचे उदाहरण याच संदर्भात घेता येईल. 'कुंथलगिरी खवा' या नावास 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. साधारणपणे पाच लिटर म्हशीच्या दुधाचा एक किलोच्या आसपास खवा होतो आणि तो करणारा कढईतील उलथन्याला लागणारा जोर, बुडबुड्यांचा आकार व कडेने सुटणारे तूप यांवरून उतरवण्याची वेळ ठरवतो. यांतील चाखणे शेवटी येते. डोळा आणि हात यांनी आधीच बराचसा निवाडा दिलेला असतो.

उलट बाजूचे उदाहरण 2022 मधील 'मेक्सिकन वीक'चे आहे. सूत्रसंचालकांची टोपी-झूल आणि शाब्दिक कोट्या यांवर कडाडून टीका झाली, आणि ती करणाऱ्यांत ते अन्न रोज खाणारे लोक होते. टॅको हा बेकिंगचा पदार्थ कसा, हाही प्रश्न पुन्हा निघाला. राष्ट्रांच्या नावाचे सप्ताह त्या वर्षी होणार नाहीत, असे निर्मात्यांनी 2023 मध्ये सांगितले. प्रेक्षकमताने परीक्षकाचा निकाल क्वचितच फिरवला असेल. येथे त्याने स्पर्धेचा आराखडा बदलला.

भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय हे सांगताना अन्नाचा दृष्टान्त घेतला आहे : नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न सेवन करणारा जसा आस्वाद घेतो, तसा प्रेक्षक नाट्याचा घेतो. दूरचित्रवाणीने हा दृष्टान्त उलटा केला आहे. येथे अन्नच नाट्य झाले असून प्रेक्षकाच्या वाट्यास आस्वादाचा उरलेला अर्धा भाग येतो. परीक्षक घास घेतो, डोळे मिटतो, क्षणभर थांबतो. तो क्षण प्रेक्षकास कधीच तपासता येत नाही. त्या क्षणाच्या आधीचे सर्व काही, म्हणजे वेळ, अटी, वागणूक, पदार्थाचे नाव आणि जाळ, हे मात्र त्याच्या समोर असते. तेथे तो परीक्षकाइतकाच अधिकारी असतो, आणि चुलीपाशी बसलेला असेल तर कदाचित अधिकच.