गंजरोधक पुडी आणि टँकरचे पाणी

सिमेंटमध्ये गंजरोधक रसायन आधीच मिसळून ठेवायचे. क्षार आत शिरला की ते हळूहळू सुटून सळईचे रक्षण करील, ही कल्पना विज्ञानाच्या लेखांतून आता बरीच वाचायला मिळते. कल्पना चांगली आहे. ती ज्या तऱ्हेने सांगितली जाते त्याबद्दल मात्र आमची तक्रार आहे.

काँक्रीटच्या छिद्रांतील पाणी तीव्र अल्कधर्मी असते. त्याचा सामू १२.५ च्या वर. अशा पाण्यात सळईवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो आणि गंज थांबतो. क्लोराइड आयन हा थर जागोजागी फोडतात. गोव्यातील मांडवीवरचा पूल १९७० च्या सुमारास बांधला गेला आणि जुलै १९८६ मध्ये कोसळला, तो आतील ताणतारा गंजल्यामुळे. खाऱ्या हवेत काँक्रीट किती लवकर हार खाते, याचे हे आपल्या जवळचे उदाहरण.

नायट्राइट आयन फुटलेला थर पुन्हा धरायला मदत करतात. म्हणून धनभारित पापुद्र्यांचे खनिज घेऊन त्यांच्यामध्ये नायट्राइट साठवायचे. क्लोराइड आला की तो आत आणि नायट्राइट बाहेर, असा हा सौदा. कागदावर फार सुबक! पण त्या छिद्रांत हायड्रॉक्साइड आयनांचीच गर्दी असते, कार्बोनेटही असतो, आणि तेही त्याच जागेसाठी भांडतात. नायट्राइट त्यांच्यासाठीही सुटतो. साठा तर मोजकाच. आणि नायट्राइट अपुरा पडला तर गंज थोड्याच ठिकाणी एकवटून सळईला खोल खड्डे पाडू शकतो. लोकप्रिय वर्णनांतून नेमके हेच गळते.

आता समुद्रापासून दूर असलेली पुण्याची वाघोली घ्या. खडी शेजारच्या खाणींतली, बांधकामाचे पाणी पुष्कळदा टँकरचे किंवा विंधनविहिरीचे. हळूहळू सुटण्याला अर्थ तेव्हा, जेव्हा क्षार बाहेरून हळूहळू येतो. येथे तो आलाच तर पहिल्याच दिवशी, पाण्याबरोबर. पुडीतला साठा तेव्हापासूनच खर्ची पडणार.

हिशेब करून पाहू. एक घनमीटर काँक्रीटला ३५० किलो सिमेंट आणि १८० लिटर पाणी धरू. सिमेंटमध्ये मानकाने ०.१ टक्का क्लोराइड चालतो, म्हणजे जास्तीत जास्त ३५० ग्रॅम. पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅम असेल तर आणखी ९० ग्रॅम. आयएस ४५६ (२०००) ची सळईच्या काँक्रीटसाठी मर्यादा ६०० ग्रॅम. आपण आत आहोत. पाण्यात २००० मिलिग्रॅम असेल तर बेरीज ७१० होते. पाण्याची मर्यादा साध्या काँक्रीटला २००० आणि सळईच्या काँक्रीटला ५०० का, हे विद्यार्थ्याला येथे स्वतःच उमगते. पुड्यांची वर्णने वाचून उमगत नाही.

शाळेत हे तपासता येईल. ऊर्ध्वपातित पाण्याच्या एका लिटरमध्ये ०.८२ ग्रॅम मीठ विरघळवले की ५०० मिलिग्रॅम क्लोराइडचे द्रावण होते. एका नळीत हे, दुसरीत तेवढेच टँकरचे पाणी. दोन्हींत विरल नायट्रिक आम्लाचे थोडे थेंब, म्हणजे कार्बोनेट फसवणार नाही. मग सिल्व्हर नायट्रेटचे सारखेच थेंब. पांढरा गढूळपणा कोठे जास्त, ते काळ्या कागदापुढे पाहावे. सिल्व्हर नायट्रेट शिक्षकांनीच हाताळावे. कातडीला लागले तर काळा डाग पडतो आणि तो काही दिवस जात नाही.