सुटकेची गोष्ट आणि निघण्याची गोष्ट

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका घरी आम्ही रोझरीला गेलो होतो. घरची थोरली लेक नर्स. आखातातील एका इस्पितळात रुजू व्हायला ती तीन आठवड्यांनी निघायची होती. रोझरी आटोपली, चहा फिरला, आणि शेजारच्या खोलीत मुलांनी टीव्हीवर 'टायगर जिंदा है' लावला. परमुलखात कैद झालेल्या परिचारिका पडद्यावर दिसू लागल्या, तशी मुलीची आई दाराशी येऊन उभी राहिली. थोडा वेळ पाहून ती म्हणाली, "सर, हिच्यावर असा प्रसंग आला तर हिला आणायला कोण जाईल हो?" तिला कोणी उत्तर दिले नाही. आम्हीही दिले नाही. ह्या लेखाचे निमित्त तेवढेच.

ज्या घटनेवरून हा चित्रपट सुचला ती वाचकांना आठवत असेल. २०१४ च्या जून महिन्यात इराकमधील मोसूल आणि पाठोपाठ तिक्रीत ही शहरे 'इस्लामिक स्टेट'च्या हाती पडली. तिक्रीतच्या इस्पितळात त्या वेळी ४६ भारतीय परिचारिका होत्या. एक तमिळनाडूची, बाकी साऱ्या केरळच्या, आणि त्यांत ख्रिस्ती मुली पुष्कळ. तीन आठवडे त्या तेथेच अडकून राहिल्या. ३ जुलै रोजी त्यांना बसमधून मोसूलला नेण्यात आले, दुसऱ्या दिवशी सोडण्यात आले, आणि ५ जुलै रोजी विशेष विमान मुंबईमार्गे कोचीला उतरले. ह्या एकाच घटनेवर २०१७ साली दोन चित्रपट आले. मार्चमध्ये महेश नारायणन ह्यांचा मल्याळम 'टेक ऑफ' आणि डिसेंबरात अली अब्बास जफर ह्यांचा हिंदी 'टायगर जिंदा है'. दुसरा आपल्या घराघरांत पोहोचला. पहिला फारच थोड्यांनी पाहिला आहे.

हिंदी चित्रपटाबद्दल आम्हांला फार लिहावयाचे नाही. गावाचे नाव 'इक्रीत' असे कल्पित आहे. पंचवीस भारतीय आणि पंधरा पाकिस्तानी परिचारिकांना सोडविण्यासाठी दोन्ही देशांचे हेर एकत्र येतात. ह्या कल्पनेत एक उदारपणा आहे, तो आम्ही नाकारीत नाही. नायिका झोया स्वतः शस्त्र घेऊन लढते, तेव्हा स्त्री दुबळी दाखविली असाही आरोप करता येणार नाही. मात्र ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, त्या चाळीसजणींपैकी एकीचेही घर आमच्या लक्षात राहिले नाही. त्या तेथे कशा आल्या, कोणाचे किती देणे लागत होत्या, परत का जाऊ शकल्या नाहीत, हे प्रश्न ह्या चित्रपटाला पडतच नाहीत. वाट पाहणे एवढेच त्यांचे काम.

'टेक ऑफ'चा आरंभच निराळा आहे. जवळजवळ अर्धा चित्रपट समीरा नावाच्या परिचारिकेच्या संसारात जातो, आणि काही प्रेक्षकांना तो भाग रेंगाळलेला वाटला असे आम्ही ऐकले. आमच्या मते तोच चित्रपटाचा गाभा आहे. समीरा घटस्फोटिता आहे. तिचे नोकरी करणे सासरी खपलेले नाही. माहेरच्या डोक्यावर कर्ज आहे. मुलगा पूर्वीच्या नवऱ्याकडे राहतो. शहीद हा तिचा सहकारी तिच्याशी लग्न करतो आणि दोघे इराकला जातात, कारण तेथे पगार अधिक मिळतो. तिला पुन्हा दिवस गेले आहेत, आणि भेटीला आलेल्या मुलाला हे सांगायचे कसे ह्या चिंतेत ती असतानाच बाहेर युद्ध पेटते. पार्वतीने ही भूमिका हट्टी, काहीशी त्रासिक अशी उभी केली आहे. प्रेक्षकांनी आपली कीव करावी असे तिचे एकही हावभाव सांगत नाहीत. पणजीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात २०१७ साली तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला तो ह्यासाठीच असावा.

ह्या रचनेतून दिग्दर्शक जे सांगतो ते कोठल्याही उपदेशापेक्षा आम्हांला मोलाचे वाटले. परदेशात बाईवर जो प्रसंग येतो त्याची अर्धी तयारी तिच्या अंगणातच झालेली असते. प्रत्यक्ष तिक्रीतमध्येही हेच घडले. कित्येकींनी दलालाला पैसे भरण्यासाठी कर्ज काढले होते. कित्येकींचे महिनोन् महिन्यांचे पगार थकले होते. तोफांचा आवाज येत असतानाही रिकाम्या हाताने परतावे की न परतावे असा विचार त्यांना करावा लागला. बंदूक दाराशी येण्यापूर्वी सावकार मनात येऊन बसलेला होता.

तरीही उत्तरार्धात हा चित्रपट आपल्याच वाटेवरून ढळतो, हे सांगणे भाग आहे. फहाद फाझिलने साकारलेला राजदूत येतो, आणि फायली, दूरध्वनी, बैठका ह्यांच्या गर्दीत समीरा मागे सरकते. फहादचे काम उत्तम आहे. तक्रार लेखनाविषयी आहे. खऱ्या घटनेत त्या मुलींच्या हाती मोबाईल होते. त्यावरून त्या केरळच्या मुख्यमंत्र्यांशी, बगदादच्या वकिलातीशी आणि घरच्यांशी बोलत होत्या. अतिरेक्यांनी बसमध्ये बसायला सांगितले तेव्हा जावे की न जावे ह्यावर त्यांची आपापसांत चर्चा झाली, त्या आधी नकार देत राहिल्या आणि अखेर गेल्या त्या एकत्र. एकमेकींना न सोडण्याचा तो निर्धार पडद्यावर पुरेसा उतरलेला नाही. 'टायगर'मधील हेर आणि 'टेक ऑफ'मधील राजदूत ह्यांत अंतर खूप आहे. पण शेवटी कोणीतरी एक पुरुष सारे जुळवून आणतो ही समजूत दोघांनाही सोडवत नाही.

त्या माउलीच्या प्रश्नाला दोन्ही चित्रपट 'कोणीतरी जाईल' असेच उत्तर देतात. पण त्याच जून महिन्यात त्याच मोसूलमधून ३९ भारतीय मजुरांना पळवून नेले गेले, आणि त्यांची हत्या झाल्याचे सरकारने संसदेत सांगितले ते मार्च २०१८ मध्ये. परिचारिका सुटल्या ह्याचा आनंद मानताना ही दुसरी गोष्ट झाकून ठेवता येत नाही. सरकारलाही आधीच्या पायरीकडे वळावे लागले: २०१५ साली इराकसह १८ देशांत जाणाऱ्या परिचारिकांना स्थलांतराची सरकारी परवानगी सक्तीची झाली आणि त्यांची भरती खाजगी दलालांकडून काढून सरकारी संस्थांकडे देण्यात आली. ह्या कोरड्या नियमावर कोणी चित्रपट काढणार नाही, हे उघड आहे.

आम्ही त्या मुलीला 'टेक ऑफ' पाहायला सांगितले. चार दिवसांनी ती आमच्याकडे आली. उत्तरार्ध पाहायचा राहिला आहे म्हणाली. हातात करारपत्र होते, एका बाजूस इंग्रजी, दुसऱ्या बाजूस अरबी. आमच्या शेजारी कुवेतला वीस वर्षे कचेरीत काढून आलेले एक अंकल आहेत. त्यांनी चष्मा लावून अरबी रकाना वाचला. कामाचे तास दोन्ही रकान्यांत निरनिराळे होते, आणि परतीच्या तिकिटाचा उल्लेख एका बाजूस होता, दुसऱ्या बाजूस नव्हता. नवे करारपत्र येईपर्यंत तिचे निघणे दीड महिना लांबले. तिकीट बदलण्याचा खर्च दलालाने तिच्याकडूनच वसूल केला.